दिवाणी बाजूला नवीन आलात? नाशिक कोर्टातल्या ज्युनिअरसाठी दावा ते दरखास्त

सनद आली, काळा कोट शिवून झाला, आता कुणाच्या तरी ऑफिसला बसायला लागलात आणि सीनियर निघाले दिवाणीवाले, तर हे वाचा. फौजदारीवाल्यांचं बरं असतं, जामीन झाला की पक्षकार त्याच संध्याकाळी पेढे घेऊन येतो. आपल्याकडे दावा आजोबांनी लावलेला आणि दरखास्त (म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज) नातू चालवतोय असंही बघायला मिळेल. पहिल्या महिन्यात बऱ्याच पोरांना वाटतं की सगळी मजा उलटतपासात आणि युक्तिवादात आहे, पण माझं मत विचाराल तर दिवाणी दावा हा दाखल व्हायच्या आधी ऑफिसच्या टेबलावरच अर्धा जिंकलेला किंवा हरलेला असतो, कोर्टात नंतर फक्त ते उघडं पडतं. म्हणून खाली सुरुवातीच्या पायऱ्यांवर जास्त लिहिलंय, नंतरच्या काही भरभर उरकल्यात.

उदाहरणाला एकच दावा धरू. गिरणाऱ्याकडची वडिलोपार्जित जमीन, त्यातल्या काहीवर द्राक्षबाग, वडील वारले, दोन भाऊ जमीन कसतात आणि बहीण लग्न होऊन सिडकोत राहते. ही ताई तुमच्या ऑफिसला आलीय.

पायरी १: आधी ऐका, मग कागद मागा

पक्षकार येतो तो गोष्ट घेऊन येतो, कायदा घेऊन नाही. दहा-पंधरा मिनिटं मध्ये न बोलता ऐकायचं, तिला राग काढू द्यायचा, आणि मग प्रश्न सुरू करायचे. प्रश्न बारीक हवेत. ताई म्हणते, "वकीलसाहेब, भावांनी सातबाऱ्यावरून माझं नाव काढून टाकलं." इथं लगेच दावा लिहायला घ्यायचा नाही. विचारायचं, "ताई, नाव काढलं की लागलंच नव्हतं?" या एका प्रश्नावर दाव्याचा प्रकार बदलतो. वडील गेल्यावर वारसाच्या फेरफाराला फक्त भावांचीच नावं लागली असतील तर सरळ वाटपाचा दावा. पण आधी ताईचं नाव लागलं आणि दुसऱ्या फेरफाराने कमी झालं, तर मध्ये काहीतरी कागद झालाय. मग पुढचा प्रश्न, "सही कुठं केली होती का?" थोडा वेळ गप्प बसून ती म्हणेल, "भाऊ म्हटला होता सोसायटीच्या कर्जाला लागते सही, एका ऑफिसात नेलं, अंगठा घेतला, फोटोपण काढला." झालं. अंगठा आणि फोटो म्हणजे दुय्यम निबंधकाचं ऑफिस, म्हणजे नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेलं आहे, आणि ते रद्द करून मागितल्याशिवाय नुसता वाटपाचा दावा लावला तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हसत बसेल.

दस्त करून देणारा स्वतःच कोर्टात आला तर त्यानं दस्त रद्द करून मागायचा, आणि दस्तात पक्षकार नसलेला आला तर त्यानं तो आपल्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागायचं. २०१० च्या सुहृद सिंग निकालात हा फरक स्पष्ट केलाय, वाचून ठेवा, कोर्ट फीच्या वादात पण उपयोगी पडतो.

पायरी २: पिशवीतले कागद आणि पिशवीत नसलेले कागद

पक्षकार प्लास्टिकच्या पिशवीत जे आणतो ते त्याला महत्त्वाचं वाटलेलं असतं. तुम्हाला लागणारा कागद त्यात बहुतेक वेळा नसतो. आताचा सातबारा आणि ८अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) ऑनलाइन डिजिटल सहीचा मिळतो, ते दोन मिनिटांचं काम. पण खरा इतिहास जुन्या फेरफारात असतो. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफार नंबर, तो एकेक उलटा मागे काढत न्यायचा, तलाठ्याकडे नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करून जुने हस्तलिखित उतारे काढायचे, आजोबांच्या नावापर्यंत पोचल्याशिवाय थांबायचं नाही. जमीन आजोबांकडून आली की वडिलांनी स्वतः घेतली यावर हिस्से ठरणार असतात. सोबत इंडेक्स २ चा (नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीचा) शोध घ्या, भावांनी दरम्यान एखादा गट विकला असेल तर घेणाऱ्यालाही दाव्यात ओढावं लागेल. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात असेल तर सिटी सर्व्हेचा उतारा.

एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे, फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी असल्याचं गृहीत धरतात, पण उलट पुरावा येईपर्यंतच. अर्धे पक्षकार तलाठ्याला शिव्या देत येतात आणि नोंद रद्द झाली की जमीन मिळाली असं समजतात, त्यांना हे पहिल्याच भेटीत सांगा.

मुलीच्या हक्काचा कायदा तोंडपाठ पाहिजे कारण नाशिकमध्ये बागायतीच्या आणि शहराला लागून भाव वाढलेल्या जमिनींमुळे असे दावे भरपूर आहेत. २००५ च्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहहिस्सेदार, आणि विनिता शर्मा निकालात २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटणी किंवा विक्री या दुरुस्तीने उलटत नाही. म्हणून भाऊ कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) "वाटणी आधीच झाली होती" असं म्हणणार हे आत्ताच ओळखायचं, आणि वाटणीचा कागद आहे का, कधीचा आहे, नोंदवलेला आहे का, हे त्यांच्या आधी आपण शोधायचं.

पायरी ३: मुदत

हे सगळ्यात आधी बघायचं असतं खरंतर, पण कागद हातात आल्याशिवाय तारखा कळत नाहीत म्हणून तिसऱ्या नंबरला. पैशाची वसुली तीन वर्षं, साठेखतावरून खरेदीखत करून मागायचं तर तीन वर्षं, दस्त रद्द करायचा तर कळल्यापासून तीन वर्षं, मालकीच्या जोरावर ताबा मागायचा तर बारा वर्षं. आपल्या ताईला हक्कसोडपत्र कधी कळलं हा प्रश्न म्हणूनच सोन्याच्या भावाचा आहे, आणि त्याचं उत्तर कागदाने सिद्ध झालं पाहिजे, "अलीकडेच समजले" असं मोघम लिहून चालत नाही. सातबारा कोणत्या तारखेला काढला, त्यावर कुणी काय सांगितलं, ते तारखेनिशी लिहायचं. मुदतीबाहेरचा दावा दिसला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ नियम ११ खाली तो दारातच फेटाळला जाऊ शकतो, साक्षीपुरावा होतच नाही.

पायरी ४: कोर्ट कुठलं, आणि कोर्टच का

स्थावर मिळकतीचा दावा जिथं मिळकत तिथंच. गिरणारं नाशिक तालुक्यात, म्हणून सीबीएसजवळचं आपलं जिल्हा कोर्टाचं आवार. जमीन पिंपळगावकडची असती तर पिंपळगाव बसवंत, तशीच निफाड, सिन्नर, दिंडोरी, चांदवड, येवला, मालेगावची आपापली कोर्टं आहेत. ज्युनिअर डिव्हिजन की सीनियर हे दाव्याच्या मूल्यांकनावर, आणि शेतजमिनीचं मूल्यांकन बाजारभावावर नाही तर सातबाऱ्यावरच्या आकाराच्या (म्हणजे साऱ्याच्या) पटीत होतं, त्यामुळे कोट्यवधीची जमीन ज्युनिअर डिव्हिजनला दिसली तर दचकू नका.

काही भांडणं दिवाणी कोर्टाची नसतातच. बांधावरून रस्ता हवा तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेचं कलम १४३, वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, पण तिथं सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, हे पक्षकाराला माहीत नसतं आणि तो सात महिन्यांनी येतो. कूळ आहे की नाही हा प्रश्न आला तर तो कूळकायद्याखाली महसूल अधिकाऱ्यांकडे. सरकारविरुद्ध जायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, नाशिक महापालिकेविरुद्ध असेल तर महापालिका कायद्याची एक महिन्याची. सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखानदाराचं जॉबवर्कचं बिल थकलं असेल आणि रक्कम तीन लाख किंवा जास्त असेल तर तो व्यापारी दावा, तिथं तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे, व्यापारी न्यायालय कायद्याचं कलम १२अ, त्याशिवाय दावा टिकत नाही.

पायरी ५: ड्राफ्टिंग

इथंच ज्युनिअर घडतो. सीनियर म्हणतील जुना वाटपाचा दावा घे आणि त्यावरून कर. घ्या, पण नमुना म्हणून. कॉपी-पेस्ट केलेल्या दाव्यात दुसऱ्याच पक्षकाराच्या आत्याचं नाव राहून गेलेलं दिसतं, आणि उलटतपासात तेच वाक्य वादीला वाचून दाखवतात.

दाव्यात घटना लिहायच्या, पुरावा नाही आणि भाषण तर नाहीच. वंशावळ, मिळकतीचं वर्णन गट नंबर, क्षेत्र, आकार आणि चतुःसीमेसकट, मिळकत कशी आली, हिस्सा किती, काय बिघडलं, वादास कारण कधी आणि कुठं घडलं, मूल्यांकन आणि कोर्ट फी, शेवटी विनंती. "सबब", "सदर कामी", "येणेप्रमाणे" ही कोर्टाची मराठी लवकर जिभेवर बसते, बसू द्या, पण एका वाक्यात चार "सदर" घालून काही साध्य होत नाही. न्यायाधीश दिवसाला भरपूर फाईली बघतात, ज्याचा दावा एका वाचनात कळतो त्याचं अर्धं काम झालं.

पक्षकार कुणी सोडू नका. वाटपात सगळे हिस्सेदार लागतात, ज्या बहिणीला भांडायचं नाही तिलाही प्रतिवादी करा. मिळकतीही सगळ्या घ्या. आणि त्याच कारणावरून जे जे मागायला हवं ते आत्ताच मागा, एखादी मागणी सोडली तर ऑर्डर २ नियम २ मुळे नंतर ती मागता येत नाही. जाहीर करून मागताना पुढची मागणी, म्हणजे ताबा वगैरे, मागता येत असून मागितली नाही तर विशिष्ट दिलासा कायद्याचं कलम ३४ आडवं येतं. आपल्या ताईच्या दाव्यात हक्कसोडपत्र रद्द, वाटप, वेगळा ताबा आणि तोपर्यंत विक्रीला मनाई, अशा चारही मागण्या हव्यात. दुरुस्ती अर्जाने नंतर बघू असं म्हणू नका, पुरावा सुरू झाल्यावर दुरुस्ती मिळवायला नाकी नऊ येतात.

कोर्ट फीबद्दल एक कामाची गोष्ट. मिळकतीचे वाद, पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत महिला पक्षकारांना महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना. ताईला स्टॅम्पचा खर्च सांगायच्या आधी हे आठवा.

पायरी ६: दाखल करणं आणि निशाणी ५

ई-फाइलिंग, कागदांची यादी, वकीलपत्र, पत्ता मेमो, समन्सच्या प्रती, हे सगळं ऑफिसचे क्लार्क तुमच्यापेक्षा चांगलं जाणतात. त्यांच्या मागे आठवडाभर फिरा, कॉलेजमध्ये शिकवलं नाही ते तिथं मिळेल. ऑब्जेक्शन निघालं तर शिरस्तेदारांशी वाद घालत बसू नका, पूर्तता करून मोकळे व्हा. नंबर पडला की १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर डायरीत आणि पक्षकाराच्या मोबाइलमध्ये दोन्हीकडे टाका, म्हणजे तो ई-कोर्ट्स अॅपवर तारीख बघेल आणि रात्री दहाला फोन करणार नाही. करेलच, पण कमी करेल.

तूर्त मनाईचा अर्ज आपल्याकडे बहुतेक फायलींत निशाणी ५ ला (निशाणी म्हणजे फाईलमधल्या कागदाला पडणारा नंबर) असतो, म्हणून सगळे नुसतं "एक्झिबिट फाइव्ह" म्हणतात. बऱ्याच दाव्यांचं भवितव्य इथंच ठरतं. तीन गोष्टी दाखवायच्या, प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान. न्यायाधीश मुख्यतः कागद बघतात, म्हणून ताब्याचा कागद पहिल्याच दिवशी यादीसोबत लावायचा, पीकपाहणी, वीजबिल, सोसायटीचं कर्ज, बागेचे तारखेचे फोटो. समोरच्याला न ऐकता तूर्तातूर्त हुकूम हवा असेल तर घाई का आहे ते ठोस लिहा. "प्रतिवादी मिळकत विकण्याच्या तयारीत आहेत" एवढ्यावर आजकाल कुणी हुकूम देत नाही, पण पेपरातली जाहीर नोटीस किंवा साठेखताचा इंडेक्स २ जोडलात तर देतील. आणि हुकूम मिळाला की नाचत बसायचं नाही, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी समोरच्याला दाव्याच्या आणि अर्जाच्या प्रती पाठवून तसं शपथपत्र द्यावं लागतं. हे विसरलं म्हणून हुकूम उठल्याची उदाहरणं आहेत.

तुम्ही प्रतिवादीच्या बाजूला असाल आणि दावा येणार असा वास असेल तर कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज) टाका, ते ९० दिवस टिकतं.

समन्सचं फार लिहीत नाही. बेलिफाला पत्ता नीट द्या, गावात घर सापडत नसेल तर पक्षकाराला दाखवायला सोबत पाठवा, आणि "घर बंद" असा शेरा दोनदा आला की लगेच चिकटवण्याचा अर्ज द्या. वर्षभर फाईल नुसती समन्सवर पडून राहते ती आळसामुळे.

पायरी ७: कैफियत, म्हणजे समोरच्या टेबलावरून

कैफियत समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, जास्तीत जास्त ९०. साध्या दाव्यात योग्य कारण असेल तर कोर्ट पुढेही मुभा देऊ शकतं, २००५ च्या कैलास विरुद्ध नन्हकू निकालामुळे, पण व्यापारी दाव्यात १२० दिवस झाले की दार बंद, तिथं कुठलीही विनवणी चालत नाही. "नो डब्ल्यूएस" चा (कैफियतीविना दावा पुढे चालवायचा) हुकूम झाला की तो उठवायला खर्चाची रक्कम भरावी लागते आणि पक्षकाराला तोंड दाखवायला लाज वाटते.

कैफियतीत प्रत्येक परिच्छेद घेऊन मान्य की अमान्य हे लिहायचं. "दाव्यातील मजकूर खोटा व लबाडीचा असून मान्य नाही" एवढं एकच वाक्य ठोकून काम होत नाही, जे मुद्दाम नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. आणि नाकारून झाल्यावर आपली हकीकत सांगा. नुसतं नाही नाही म्हणणारी कैफियत म्हणजे पाटी कोरी, त्यावर उलटतपास कशाचा घेणार?

तारखा, डायरी आणि दिवस कसा जातो

ही पायरी नाही, हे रोजचं जगणं. सकाळी ऑफिसला बोर्ड (त्या दिवशीच्या कामांची यादी) बघायचा, कुठल्या कोर्टात काय आहे ते लिहून फाईली काढायच्या, अकराच्या आत कोर्टात. पहिल्या पुकाऱ्याला हजर असणं हा ज्युनिअरचा धर्म. सीनियर दुसऱ्या कोर्टात उलटतपासात अडकलेले असतात, इकडे पुकारा होतो, तुम्ही उभं राहून "साहेब, सीनियर पलीकडच्या कोर्टात आहेत, पासओव्हर द्यावा" (म्हणजे पुकारा थोड्या वेळाने परत घ्यावा) म्हणायचं, आणि न्यायाधीशांनी "तुम्हीच चालवा" म्हटलं तर फाईल वाचलेली असली पाहिजे. न वाचता उभं राहिलात की ते लगेच कळतं, आणि कोर्टात नाव व्हायला जितका वेळ लागतो त्याच्या दहाव्या हिश्श्यात ते जातं.

तारीख झाली की जागेवरच डायरीत दोन ठिकाणी लिहायचं, आजच्या पानावर काय झालं आणि पुढच्या तारखेच्या पानावर काय करायचंय. शक्य असेल तेव्हा रोजनामाही (त्या तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद) डोळ्याखालून घाला, तुम्ही हजर असून गैरहजर लिहिलं गेलं तर ते आजच दुरुस्त होतं, सहा महिन्यांनी होत नाही. वादी गैरहजर राहून दावा निकाली निघाला किंवा प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला, तर परत उभा करायला साधारण ३० दिवस असतात, पुढे विलंब माफीचा अर्ज.

संध्याकाळी पक्षकार, रात्री ड्राफ्टिंग. मोबदल्याचं सांगायचं तर बार काउन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं सुचवलंय. सुचवलंय, सक्ती नाही, आणि बऱ्याच ऑफिसांत अजून पेट्रोलच्या पैशांवरच भागवतात, हे जे चाललंय ते बरोबर नाही असं माझं मत. ऑफिस जॉइन करतानाच हा विषय स्पष्ट बोला, लाजू नका. जजची परीक्षा डोक्यात असेल तर आता तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट आहे, सुप्रीम कोर्टाचा मे २०२५ चा निकाल, म्हणून पहिल्या दिवसापासून आपल्या नावाने हजेरी लागलेले रोजनामे, वकीलपत्रं सांभाळून ठेवा. आणि हो, मे महिन्यात खालच्या कोर्टात काळा कोट सक्तीचा नाही, बार काउन्सिलच्या नियमातच आहे, उगाच घामाघूम होऊ नका.

पायरी ८: मुद्दे, पुरावा, उलटतपास

मुद्दे (कोर्टाला निकाल द्यायचा आहे ते वादाचे प्रश्न) निघाले की ते पाठ करा. कुठला मुद्दा कुणावर सिद्ध करायचा आहे त्यावर सगळा पुरावा बेततो. सरतपासणी (आपल्याच साक्षीदाराची साक्ष) आता शपथपत्रावर होते, त्यामुळे टायपिस्टकडे दावा देऊन "वादी" च्या जागी "मी" करून आणायची पद्धत पडलीय. तसं करू नका. शपथपत्रात मुद्द्यांप्रमाणे मजकूर घ्या आणि प्रत्येक कागदाचा उल्लेख करून त्यावर निशाणी पाडून घ्या, निशाणी न पडलेला कागद फाईलमध्ये असून नसल्यासारखा. मुद्रांक कमी असलेला दस्त पुराव्यात घेत नाहीत, कमी पडलेला मुद्रांक आणि दंड आधी भरून घ्यावा लागतो, हे साक्षीदार पिंजऱ्यात उभा असताना आठवलं तर पंचाईत. व्हॉट्सअॅप मेसेज, रेकॉर्डिंग द्यायचं असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, १ जुलै २०२४ पासून हा नवीन कायदा आहे, पूर्वी यालाच सगळे ६५ब म्हणायचे आणि अजून म्हणतात.

उलटतपास शिकायचा तर दुसऱ्यांचा ऐका. दुपारी कॅन्टीनला बसण्यापेक्षा ज्या कोर्टात जुने वकील साक्षीदार घेतायत तिथं मागच्या बाकावर बसा. द्राक्षबागेच्या ताब्याचा असाच एक उलटतपास ऐकला होता, साक्षीदार शहरात राहणारा, बाग मीच कसतो म्हणणारा. वकिलांनी आवाज न चढवता विचारलं, "बागेची छाटणी वर्षातून किती वेळा करता?" "दोनदा." "कुठल्या महिन्यात?" "एप्रिल आणि ऑक्टोबर." इथपर्यंत बरोबर होता. "मागच्या ऑक्टोबरला मजूर कुठले होते?" "गावातलेच." "मुकादमाचं नाव?" गप्प. "छाटणीनंतर पेस्ट कसली लावली?" साक्षीदार म्हणाला, "ते आमचा भाऊ बघतो." वकील म्हणाले "बास" आणि खाली बसले. भाऊ म्हणजे प्रतिवादी. "मग बाग भावाच्या ताब्यात आहे ना?" हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही, विचारला असता तर साक्षीदाराने सावरून घेतलं असतं.

ही थांबायची जागा ओळखणं सगळ्यात अवघड. ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न शक्यतो विचारू नका, "का" ने सुरू होणारा तर नकोच. मात्र आपली केस साक्षीदारापुढे ठेवावीच लागते, "हे म्हणणे खरे नाही की..." अशी उत्तरं फाईलमध्ये त्यामुळेच येतात. नवीन पोरं फक्त तेवढंच करतात, वीस सूचना, वीस नकार, हाती शून्य. आणि साक्ष टाईप होत असताना स्क्रीनवर लक्ष ठेवा, साक्षीदार बोलला एक आणि उतरलं दुसरं असं झालं तर तिथल्या तिथं नम्रपणे सांगा.

तडजोड

मधल्या कुठल्याही टप्प्यावर भाऊ-बहीण बोलायला तयार झाले तर आडवे जाऊ नका. लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाड्यावर अपील नाही. फक्त तडजोडीचा मजकूर हुकूमनाम्याइतका नेमका लिहा, गट नंबर, दिशा, क्षेत्र, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, रस्ता. विहीर आणि रस्ता राहिला की दोन वर्षांत नवीन दावा.

पायरी ९: निकाल, अपील, दरखास्त

युक्तिवादाला मुद्दानिहाय टिपण लेखी द्या, निशाणी क्रमांकासह. निकाल लागला की जिंका किंवा हरा, त्याच दिवशी नकलेचा अर्ज. जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस, नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, पण अर्जच उशिरा केला तर नाही.

वाटपाच्या दाव्यात पक्षकाराला एक गोष्ट आधीपासून सांगत राहा, निकालाने लगेच जमीन हातात येत नाही. प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त हिस्से ठरतात. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडून होतं, म्हणजे कोर्टाची प्रिसेप्ट (वाटप करून द्यायचं आदेशपत्र) तिकडे जाते, तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेखला मोजणीसाठी, आणि मोजणीच्या दिवशी भाऊ हरकत घेतात. या कागदाच्या मागे कुणी फिरलं नाही तर तो टेबलाटेबलावर वर्षं काढतो. म्हणून प्रिसेप्टचा जावक नंबर कोर्टातून घ्या, कलेक्टर ऑफिसला जाऊन आवक नंबर घ्या, दोन्ही डायरीत लिहा आणि दर पंधरा दिवसांनी विचारायला जा. घरं, प्लॉट असतील तर कोर्ट कमिशनर नेमून अंतिम हुकूमनामा तिथंच होतो. पैशाचा किंवा ताब्याचा हुकूमनामा असेल तर दरखास्त, मुदत बारा वर्षं. २०२१ च्या राहुल शहा निकालात सुप्रीम कोर्टाने दरखास्ती सहा महिन्यांत संपवा असं सांगितलंय, तारखा लांबायला लागल्या की तो निकाल अर्जाला जोडा.

फीचं शेवटी बोलतोय पण ठरवायचं सुरुवातीला. टप्पे पाडून ठरवा, दाखल करताना इतके, पुराव्याला इतके, युक्तिवादाला इतके, आणि पावती द्या. "जमीन मिळाली की दोन गुंठे तुमचे" असं कुणी प्रेमाने म्हणालं तर हसून नको म्हणा, दाव्याच्या मिळकतीत किंवा रकमेत हिस्सा घेणं वकिलाला नियमाने बंद आहे. आणि मूळ खरेदीखतं ऑफिसात ठेवून घेऊ नका, ठेवलीच तर यादी करून सही-तारखेनिशी पोच द्या, कारण दहा वर्षांनी ताईचा मुलगा येऊन ते मागणार आणि तोपर्यंत ऑफिसात तुम्ही एकटेच उरलेले असाल.